तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स सोपं का करत नाहीत?

"लिनक्स फुकट आहे, चांगलं आहे, जगभरातले लोक मिळून बनवतात. मग साध्या माणसाला जमेल असं ते का करत नाहीत?" गेली काही वर्षं मी ओळखीच्यांना लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी प्रणाली, बसवून देतो आणि दोष सापडले की बनवणाऱ्यांना कळवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो.

सोपं करायची इच्छा नसते असं मुळीच नाही. पण रोज त्याच वाटेने जाणाऱ्याच्या पायांना खड्डे पाठ होतात, आणि मग ते त्याला दिसेनासे होतात.

2021 मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सच्या एका प्रकारावर स्टीम हे गेम्सचं ॲप घ्यायचा प्रयत्न केला. तेव्हा पॅकेजांच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या, जोडणीत एक दोष होता. ॲपमधून जमेना म्हणून तो टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीकडे, वळला. तिथे काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी आली, खाली धोक्याची सूचना, आणि पुढे जायचं तर 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं वाक्य टाइप करा, असं फर्मान. त्याने टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉपच, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू, गेला. पुष्कळ जाणकार म्हणाले, सूचना होती ना, वाचायची होती. मला हे आजही पटत नाही. स्टीम मागणाऱ्याला डेस्कटॉप पुसायचा नसतो, तो फक्त पुढची पायरी पूर्ण करत असतो. एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारं-काढणारं साधन, सांभाळणाऱ्यांनी मात्र योग्य ते केलं. असं अत्यावश्यक पॅकेज निघणार असेल तर एपीटी आता वाक्य टाइप करायला न सांगता सरळ थांबते. माणसाला दोष देण्यापेक्षा सापळा काढला, याचा मला फार आनंद झाला.

असे सापळे सापडतात कसे? नव्या माणसाशेजारी गप्प बसून. मावशीला मी एक पेनड्राइव्ह लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून दिला होता. ती त्यावर फोटो टाकायला गेली, तर 'परवानगी नाही' असा संदेश आला. मावशीने विचारलं, "कुणाची परवानगी? लॅपटॉप माझा, पेनड्राइव्ह माझा, फोटोही माझेच ना?" त्या ड्राइव्हची मालकी 'रूट'च्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, नावावर नोंदलेली होती, हे मला क्षणात कळलं. पण तिचाच प्रश्न बरोबर होता. कुणाची परवानगी लागते आणि ती कशी मिळवायची, यातलं काहीच तो संदेश सांगत नव्हता.

सन मायक्रोसिस्टम्स या संगणक कंपनीने 2001 मध्ये नोम या लिनक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपची अशीच चाचणी घेतली होती. साधी माणसं बसवली, कामं दिली आणि ती कुठे अडतात ते पाहिलं. पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, ठेवायची घड्याळंच अनेक प्रकारची होती, त्यातलं कुठलं घ्यायचं इथेच लोक गोंधळले. 2002 च्या नोम 2 मध्ये बऱ्याच सेटिंग्ज कमी झाल्या, त्यावर जुने वापरकर्ते चांगलेच चिडले. त्यांचा राग मी समजू शकतो, हाताला बसलेलं काढून घेतलं की त्रास होतोच.

काही अडथळे मात्र तत्त्वातून येतात. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या सामाजिक करारात, म्हणजे त्याच्या जाहीर वचननाम्यात, वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो असं), दोघांनाही प्राधान्य आहे. पण पुष्कळ वाय-फाय चिपांचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, मुक्त नसतं. त्यामुळे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे डेबियन बसवून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते नसायचं, आणि नव्या माणसाच्या लॅपटॉपवर नेटच चालायचं नाही. फर्मवेअर उतरवून घ्यायला नेट हवं आणि नेटसाठी फर्मवेअर! 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून करार बदलला, आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 च्या इन्स्टॉलरमध्ये ते फर्मवेअर आलं. तत्त्वनिष्ठांना हे जड गेलं असेल, पण माझ्या मते निर्णय बरोबर होता. पहिल्याच पडद्यावर अडलेला माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नाही.

मावशीचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत कळवला आहे. तुम्ही अडलात की मला नुसतं 'चालत नाही' म्हणू नका. पडद्यावर काय लिहून आलं आणि त्याचा तुम्हाला काय अर्थ वाटला, तेवढं सांगा. अर्थ चुकीचा लागला असेल तर तोच आधी सांगा.