तो कऱ्हा, ती कऱ्हा

मराठीत करा किंवा कऱ्हा म्हणजे पाण्याचे लहान मातीचे भांडे. लग्नात करवलीच्या हातात असतो तो हाच. संस्कृत ‘करक’ या शब्दापासून तो आला आणि तो पुल्लिंगी आहे. पुरंदर तालुक्यातली कऱ्हा नदी मात्र स्त्रीलिंगी. तिचे रूप ‘ओढ्याचे’, ‘घड्याचे’ या चालीवर न होता गंगेचे, नीरेचे, भीमेचे या चालीवर ‘कऱ्हेचे’ असे होते. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि त्या पाण्याची ही नदी झाली, अशी कथा त्या भागात सांगतात. कथा खरी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण ती सांगणाऱ्याला कऱ्हा म्हणजे भांडे हा अर्थ ठाऊक होता, एवढे तिच्यावरून नक्की कळते. भांड्याच्या नावाची नदी झाली आणि नदी झाल्याबरोबर त्या नावाचे लिंगही पालटले, याची मला फार गंमत वाटते.

गराडे गावाजवळच्या डोंगरात उगम पावून ही नदी पूर्वेकडे वाहते. सासवडला तिला चांबळी येऊन मिळते आणि त्या संगमावर संगमेश्वराचे काळ्या दगडातले देऊळ उभे आहे. पुढे जेजुरीजवळ नाझरे धरण, मग मयूरेश्वराचे मोरगाव, मग बारामती, आणि शेवटी सोनगावला नीरेशी संगम. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख असल्यामुळे वर्षातले कित्येक महिने पात्रात वाळू, खडक आणि मध्येच एखादे हिरवट डबके एवढेच दिसते. उन्हाळ्यात संगमेश्वराच्या पायऱ्या उतरून खाली गेले की नदीपेक्षा नदीची जागाच आधी नजरेत भरते. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवर येते, आणि तेव्हाही ती पाण्याने भरलेली असेलच असे नाही.

काठावरच्या गावांत मात्र तिचे नाव क्वचितच घेतले जाते. ‘नदीला पाणी आलंय’ एवढे म्हटले की पुरते, कारण दुसरी नदी असल्याशिवाय नावाची गरज पडत नाही. नावावरून घोटाळा होतो तो लांबच्या माणसांचा. कऱ्हाड हे कऱ्हेकाठचे गाव असणार, अशी शाळेत असताना माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ते कृष्णा-कोयनेच्या संगमावर, पार दक्षिणेला आहे, आणि त्याचे नाव जुन्या ‘करहाटक’वरून आले आहे. लिहितानाही हे नाव छळते: ‘ऱ्ह’ नीट न उमटल्याने ‘कर्हा’ असा रफार पुष्कळदा छापलेला आढळतो, आणि तो वाचताना जीभ उगाच मध्येच अडते.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवडला मुक्काम करून जेजुरीकडे निघते. त्या सुमारास गराड्याकडे चांगला पाऊस झालेला असेल, तर कऱ्हेचे पाणीही वारकऱ्यांबरोबर निघालेले असते. नाझऱ्याची भिंत ओलांडता आली, तर ते सोनगावला नीरेत जाते, नीरा नरसिंहपूरला भीमेत, आणि पंढरपुरात त्याच भीमेला चंद्रभागा म्हणतात.