मीडियम वेव्हवर चाललेलं दुकान

आबांनी तासगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं ते 1966 साली. सांगलीत एका ओळखीच्या दुकानात उमेदवारी झाली होती, आणि वेळही बरी साधली. सांगली आकाशवाणी 1963 मध्ये सुरू झालेली. मीडियम वेव्हला 1251 किलोहर्ट्झवर काटा आणला की आमच्याकडं ती खणखणीत लागायची. चार पैसे हातात आले की लोक आधी रेडिओ घ्यायचे.

पण दुकानात गर्दी व्हायची ती सिलोनमुळं, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओ स्टेशनमुळं. 1952 च्या सुमाराला केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि ऐकणारे सगळे रेडिओ सिलोनकडं वळले. 1957 ला विविध भारती आली, तरी बुधवारची रात्र बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचीच राहिली. शॉर्टवेव्हचं स्टेशन ते. सरकायचं, विरायचं, परत यायचं. सेट जरा बिघडला तरी सिलोन पहिलं जाणार. म्हणून मंगळवारी संध्याकाळी दुकानापुढं ही रांग. "आबा, उद्या आठच्या आत पाहिजे बघा." आबांचं उत्तर ठरलेलं: काटा सरकवणारी डोरी तुटली असेल तर आत्ता देतो, मीडियम-शॉर्टवेव्ह बदलणारा बँडस्विच गेला असेल तर पुढच्या बुधवारी.

सकाळी साडेसातला सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागायची आणि आठच्या आत शेवटचं गाणं सैगलचं. दुरुस्त झालेला सेट आबा त्या गाण्यावर तपासायचे. खालच्या पट्टीत आवाज फाटला नाही, सेट पास. मीटर त्यानंतर.

तेव्हा रेडिओला परवाना लागायचा. वर्षाला 15 रुपये पोस्टात भरायचे. ऐंशीच्या दशकात ते प्रकरण संपलं आणि कुणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

मी दुकानात बसू लागलो तेव्हा व्हॉल्व्ह, म्हणजे सेटातल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. पुढं टेपरेकॉर्डर, टीव्ही, मिक्सर, जे येईल ते केलं. घर चाललं, एवढंच त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं आहे.

मग जुने सेट परत यायला लागले. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं गावचं घर आवरताना माळ्यावरचा आजोबांचा मर्फी, फिलिप्स नाहीतर बुश काढतात आणि आमच्याकडं आणतात. आज आमचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे. या सेटांत बहुतेक वेळा व्हॉल्व्ह शाबूत असतो, मेलेले असतात कागदी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा, म्हणजे आवाज आत शिरतो त्या टोकाचा, एक कंडेन्सर गळका होऊन वीज झिरपू लागली की व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. त्यामुळं तो आम्ही न तपासता बदलतो. काही मंडळींना सगळं अस्सल हवं असतं. त्यांच्यासाठी जुन्या कंडेन्सरचं कवच पोकळ करून नवा आत बसवतो. मला विचाराल तर नसता खटाटोप आहे, पण पैसे त्यांचे.

खरी अडचण पुढं आहे. सेट सुरू झाला, आता ऐकायचं काय? मीडियम वेव्हचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होताहेत. जे उरलेत त्यांच्यावर घरातला एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर खरखर ओततात. गिऱ्हाईक म्हणतं, ब्लूटूथ बसवा. आधी मी सरळ नाही म्हणायचो, कारण त्यासाठी सागवानी कॅबिनेटला भोक पाडायला माझा हात धजत नाही. पण बऱ्याच व्हॉल्व्ह सेटांना मागं ग्रामोफोन जोडायची दोन भोकं कंपनीनंच दिलेली आहेत. ब्लूटूथचा रिसीव्हर तिथं जोडायचा, डावा-उजवा आवाज दोन रेझिस्टरमधून एक करायचा, झालं. सेटला ओरखडाही नाही, आणि जुनी गाणी त्याच स्पीकरमधून येतात.

एक मात्र सांगून ठेवतो. एसी-डीसी सेट असेल, म्हणजे आत यूसीएच 81, यूएल 84 असे यू अक्षराचे व्हॉल्व्ह असतील, तर त्याच्या लोखंडी चासीतच, म्हणजे आतल्या सांगाड्यातच, घरच्या विजेचा करंट असू शकतो. तिथं मोबाईलची वायर घरी जोडू नका. आम्ही त्याला घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर देतो आणि रिसीव्हर बॅटरीवर चालवतो.

माळ्यावर सेट सापडला तर चालतो का बघायला म्हणून प्लग लावू नका, तसाच घेऊन या. काचसुद्धा पुसू नका. डायलवरची स्टेशनांची नावं काचेच्या आतल्या बाजूनं छापलेली असतात, ओल्या फडक्याला निघून येतात, आणि तशी काच आता बाजारात मिळत नाही.