रविवारची गोळी घेऊन शेगावला

दिंडीचे दिवस आता नीट आठवत नाहीत. बोरगाव मंजू कधी गेलं, अकोल्यात कुठल्या शाळेत झोपलो, सगळं एकात एक मिसळलंय. पण लोहाऱ्याच्या अलीकडचा तो कडुनिंब आणि ती दुपार मिनिटामिनिटानं आठवते.

आमचं गाव मूर्तिजापूरकडचं. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला, आमची दिंडी शेगावला जाते. मला आमवात होऊन नऊ वर्षं झाली, नऊ वर्षं मी दिंडी वेशीपर्यंत पोचवून परत यायचे आणि घरी येऊन दार लावून रडायचे. यंदा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले जा, पण दुखायला लागायच्या आधी बसायचं, आणि पायाला फोड आला तर दुर्लक्ष नको, तुमच्या गोळीनं प्रतिकारशक्ती कमी होते. मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, माझी रविवारची, आणि फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांनी वार पक्का लिहून ठेवा, रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते.

काकडा पहाटे चारला. माझ्या बोटांची मूठ सकाळी वळत नाही, तास-दीड तास जातो, त्यात माघातली थंडी. म्हणून मी तीनलाच उठायचे, जाऊ माझ्यासाठी तपेलीत पाणी गरम करून द्यायची, त्यात हात बुडवून उघडमीट, उघडमीट. शाळेच्या व्हरांड्यात सगळे झोपलेले असायचे आणि आम्ही दोघी चुलीपाशी. ती वेळ मला फार आवडली, खरं सांगते. टाळ मात्र धरता आला नाही. दोरी बोटात रुतायची, सांधे पेटायचे. पंचवीस वर्षं टाळ वाजवलेली बाई मी, रिकाम्या हातानं चालणं पायांपेक्षा जास्त दुखलं.

माझा एक नियम आहे, पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं बसणं, बरं वाटत असलं तरी. हा नियम पाच-सहा वर्षं मार खाऊन शिकले. आधी काय व्हायचं, एखादा दिवस चांगला उगवला की मी गोधड्या धुणार, तूर वाळवणार, माळा झाडणार, आणि मग तीन दिवस अंथरुणात. लोक म्हणतात पॉझिटिव्ह राहा. माझ्यासाठी पॉझिटिव्ह म्हणजे चांगल्या दिवशी स्वतःला आवरणं, हे कुणाला समजावून सांगता येत नाही. मोबाईलवर टायमर लावलेला होता, वाजला की मी रस्त्याच्या कडेला बसायचे, जाऊ पिशवी घेऊन शेजारी.

त्या दिवशी सकाळी गायगावच्या पुढे दिंडीतले एक काका म्हणाले, गोळ्यांवर एवढा भरवसा, महाराजांवर नाही, मग चालता कशाला बाई. चारचौघात. मी काहीच बोलले नाही. पण डोक्यात असा राग गेला की टायमर वाजला तो बंद केला, परत वाजला परत बंद केला, दोन तास थांबलेच नाही, वर पुढे पावली सुरू झाली तर त्यातही गेले. आणि आनंदही होत होता हो, खोटं कशाला सांगू, गण गण गणात बोते चाललेलं, दोन्हीकडे हरभरा सोंगायला आलेला, मला वाटलं मी नऊ वर्षांआधीची झाले.

निंबा फाटा मागे पडला आणि डाव्या पायाच्या बोटांखाली खडा टोचल्यासारखं झालं. चप्पल झटकली, खडा नव्हता, सांधाच होता तो. त्याच्यावर फोड. पुढे शंभर पावलंही जाईना. दिंडी पुढे गेली, जाऊ टेम्पोला फोन लावत होती, लागत नव्हता, ऊन माथ्यावर, आणि मी महाराजांवरच चिडले. मनातल्या मनात भांडले.

कडुनिंबाखाली एक बाई हरभऱ्याच्या पेंढ्या बांधत होती. साठीची असेल. तिनं पेंढी टाकली.

"काय झालं वं माय? बस इथं. पाय दाखव."

मी म्हटलं फोड आहे, फोडू नका. "मी काहून फोडू," म्हणाली. घरातून दोन तांबे घेऊन आली. हा सगळा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. एक तांब्या तिनं पायावर ओतला, तो खारा. दुसरा हातात दिला, तो गोड, प्यायचा. गोड पाणी या भागात कुठून कुठून आणून ठेवतात ते मला माहीत आहे, म्हणून मी दोनच घोट घेतले. तिनं तांब्या परत माझ्या तोंडाला लावला.

मग माझी बोटं बघितली, वाकडी झालेली. विचारलं नाही काही. आपलंच सांगत बसली, कापूस वेचून कंबर कशी गेली ते. "मी दोन तासं वेचलं का उभी राहतो, दुखो का नको दुखो. दुखल्यावर उभं राह्यलं त मंग दिवस गेला." मी तिच्याकडे बघतच राहिले. मला दवाखान्यात जाऊन जे कळलं ते हिला पराटीच्या तासात, कपाशीच्या ओळीत, कळलं होतं.

जाऊ वेदनाशामक गोळी शोधत होती, मी नको म्हटलं, माझ्या गोळीबरोबर विचारल्याशिवाय दुसरं काही घ्यायचं नसतं. फोडावर स्वच्छ कापड बांधलं. चपलेत पाय जाईना. ती आत गेली आणि पुण्याला कंपनीत असलेल्या पोराच्या रबरी स्लिपर घेऊन आली, मोठ्या, ढगळ. टेम्पो आला तरी मी चढेना, वारी मोडते म्हणून. तेव्हा मात्र ती रागावली.

"चढ मुकाट्यानं. उद्याच्याले पाय पाह्यजे का नाई?"

चढले. लोहाऱ्यापर्यंत टेम्पोतच, पदर तोंडावर घेऊन.

दुसऱ्या दिवशी टायमर लावून, त्या स्लिपर घालून, दिंडीच्या तीन तास मागून शेगावात शिरले. दर्शन झालं, महाप्रसाद झाला. चप्पल स्टँडचं टोकन मात्र रांगेत सगळा वेळ मुठीत धरून होते, संध्याकाळी माझी मूठ वळते.

परतीला जाऊ म्हणाली थेट घरी जाऊ. मी कडुनिंबापाशी उतरले. बाई शेतातच होती. स्लिपर धुऊन नेल्या होत्या, तिनं बघितल्या आणि बांधावर ठेवल्या. मला हरभरा उपटता येत नाही, बोटं धरत नाहीत. तिनं उपटला, मी बांधावर बसून घाटे तोडले. अर्ध्या तासानं दोघींनी हात थांबवले.