शितावरून भाताची परीक्षा, पण शीत कोणी निवडलं?

१४ नोव्हेंबर २०१७. जपानमधल्या मिनामी-नागारेयामा स्थानकातून त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी ९:४४:४० ऐवजी ९:४४:२० ला सुटली. वीस सेकंद आधी. कंपनीने संकेतस्थळावर दिलगिरी व्यक्त केली आणि बघता बघता ती जगभर पोचली. गार्डने वेळापत्रक नीट पाहिलं नव्हतं, एकाही प्रवाशाची तक्रार आली नव्हती, पुढची गाडी चार मिनिटांनी होती. हे तपशील बातमीत असलेच तर तळाशी होते. वाचणाऱ्याच्या डोक्यात उरलं ते एवढंच: जपानी लोक वीस सेकंदांसाठीसुद्धा माफी मागतात.

खरी गंमत त्या ‘मागतात’मध्ये आहे. घडलं ते ‘मागितली’: एका कंपनीने, एकदा. भूतकाळाचं रीतिवर्तमान झालं आणि कंपनीच्या जागी देश आला, की घटनेचा स्वभाव होतो. पुढच्या पायरीवर क्रियापदही गळतं आणि विशेषण उरतं: जपानी नम्र, काटेकोर. सामाजिक मानसशास्त्रज्ञ ॲन मास आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये इटलीतल्या पालिओ या पारंपरिक घोडशर्यतीच्या प्रतिस्पर्धी वस्त्यांमधल्या लोकांवर नेमकं हेच तपासलं. आपल्या माणसाचं चांगलं आणि प्रतिस्पर्ध्याचं वाईट वागणं लोक विशेषणांकडे झुकणाऱ्या, व्यापक भाषेत सांगत होते. उलट असेल तर, म्हणजे आपल्याचं वाईट किंवा त्याचं चांगलं, नुसतं काय घडलं तेवढं सांगत होते.

मराठीत हे काम दोन इवलेसे प्रत्यय करतात. बातमी त्या देशाबद्दलच्या ठरलेल्या साच्यात बसली की ‘च’: “शेवटी जपानीच ते!” बसली नाही की ‘ही’: “जर्मनांच्याही गाड्या उशिरा?” डॉइच बान या जर्मन रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. बर्लिनचा नवा विमानतळ २०११ मध्ये सुरू व्हायचा होता, तो ३१ ऑक्टोबर २०२० ला झाला. तरी जर्मन वक्तशीरपणाच्या प्रतिमेला फारसा ओरखडा नाही, कारण ‘ही’ लावला की ती घटना अपवादाच्या खात्यात जमा होते. ‘च’वाली तेवढी पुराव्याच्या खात्यात. अशा हिशेबात साचा कधी तोट्यात जातच नाही.

आता निवडीबद्दल. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजलेला असतो आणि शीत कुठलंही उचललेलं असतं. किरकोळ परदेशी बातमीत यातलं काहीच खरं नसतं. अशा बातम्यांसाठी मोठ्या वृत्तसंस्थांकडे वेगळी सदरंच असतात. मजकूर छोटा, वार्ताहर पाठवायची गरज नाही, भाषांतर सोपं. संपादकाला दोन ओळींत वाचकाच्या तोंडावर हसू आणायचं असतं, आणि ओळखीच्या साच्यात बसणारी बातमी समजवावी लागत नाही. म्हणून तीच निवडली जाते. साच्यामुळे निवडलेली बातमी मग साच्याचा पुरावा म्हणून फिरते. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. खोटेपणा कुठेच नसतो, आकडेसुद्धा अचूक असतात.

कच्चा माल किती सहज मिळतो, त्यावरही बरंच ठरतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातून ‘फ्लोरिडा मॅन’ अशा मथळ्याच्या विक्षिप्त बातम्यांचा महापूर येतो, त्यामागे तिथल्या लोकांपेक्षा तिथला सार्वजनिक नोंदींचा कायदा अधिक आहे. अटकेचे तपशील पत्रकारांना तिथे झटपट मिळतात.

आपल्या डोक्याचाही यात वाटा आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये लोकांना ‘अ’ गटाबद्दल २६ आणि ‘ब’ गटाबद्दल १३ वाक्यं वाचायला दिली. ‘अ’ची १८ चांगली, ८ वाईट, ‘ब’ची ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखं. तरी लोकांना ‘ब’ गट जास्त वाईट वाटला. त्यांचं स्पष्टीकरण असं, की दोन विरळ गोष्टी, इथे कमी वेळा दिसणारा गट आणि वाईट वागणं, एकत्र आल्या की त्या ठळक लक्षात राहतात. लांबचा देश हा आपल्यासाठी कायमच ‘ब’ गट.

एकाच जातीच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की साच्याचं काम उघड दिसतं. मे २०२० मध्ये मेरठच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात माकडांनी कर्मचाऱ्याकडून कोरोना रुग्णांच्या रक्ताचे नमुने पळवले. ऑगस्ट २०२० मध्ये बर्लिनच्या टॉयफेल्सझे तलावाकाठी रानडुकरिणीने एका माणसाची लॅपटॉप असलेली पिशवी पळवली आणि तो नग्न अवस्थेत तिच्यामागे धावला. दोन्हीकडे शहरात शिरलेलं जनावर आणि चोरी. पहिली बातमी भारतातल्या अनागोंदीची झाली, दुसरी जर्मनांच्या मोकळ्या नग्नस्नानाची. मेरठमध्ये जनावर मुख्य पात्र, बर्लिनमध्ये माणूस.

सर्वात महाग पडतं ते बातमीतून गळलेलं. मे २०१८ मध्ये जेआर वेस्ट कंपनीची गाडी नोतोगावा स्थानकातून २५ सेकंद आधी सुटली; पुन्हा माफी, पुन्हा कौतुक. याच कंपनीची गाडी २५ एप्रिल २००५ ला अमागासाकीजवळ रुळांवरून घसरली होती. सुमारे दीड मिनिटाचा उशीर भरून काढताना ७० किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या वळणावर ती ताशी ११६ किलोमीटरने शिरली. चालकासह १०७ जण गेले. चुकलेल्या चालकांना अपमानास्पद ‘प्रशिक्षणा’ला बसवण्याच्या कंपनीच्या पद्धतीवर त्यानंतर कडक टीका झाली. सेकंदांचा हिशेब हा ‘जपानी स्वभाव’ म्हणून वाचला, की त्यामागचं वेळापत्रक, शिक्षेची भीती आणि व्यवस्थापन दिसेनासं होतं. आणि स्वभावच म्हणायचा, तर १८५७ मध्ये नागासाकीला आलेल्या व्हान कॅटेनडायके या डच नौदल अधिकाऱ्याचं काय करायचं? जपानी लोकांच्या वेळेबाबतच्या ढिलाईवर तो वैतागला होता.

अशी बातमी पुढे पाठवण्याआधी, किंवा तिचं भाषांतर करण्याआधी, देशाचं नाव खोडून तिथे संस्थेचं नाव घाला. ‘-तात’ची क्रियापदं भूतकाळात आणा. मग छेद शोधा: अशा किती गाड्यांपैकी एक? शेवटी दुसऱ्या देशाचं नाव घालून मथळा वाचा. बेल्जियममध्ये गाडी वीस सेकंद आधी सुटली असती, तर त्यात काय उरलं असतं? या चाळणीतून त्सुकुबाची बातमी अशी निघते: ‘गार्डच्या चुकीने एक गाडी वीस सेकंद आधी सुटली, तक्रार नाही, पुढची गाडी चार मिनिटांनी.’ ही छापायला कुठलाही संपादक तयार होणार नाही.