स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी आलेला बदल

साताऱ्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या बंगल्याचे काम मी आर्किटेक्ट म्हणून पाहत होते. पहिल्या स्लॅबचे लोखंड बांधून झाले होते, इलेक्ट्रिशियनने पाइप टाकले होते, आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे स्लॅब-बीमच्या मजबुतीचे गणित करणारे इंजिनिअर, दुपारी सळई तपासून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिक्सर-लिफ्टवाल्यांची टोळी येणार होती. संध्याकाळी साडेसहाला सरांचा फोन आला. “मॅडम, मुलाचं म्हणणं आहे, वरच्या मजल्यावर ईशान्येला बाथरूम नको, वायव्येला घ्या. अजून काँक्रीट पडलेलं नाही, म्हणून विचारतो.”

काँक्रीट पडलेले नव्हते हे खरेच होते. पण याच कारणाने अशा वेळी आर्किटेक्टच्या तोंडून चटकन ‘हो’ निघून जातो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कामावर मी असेच साइटवर उभ्या उभ्या खिडक्या मोठ्या करायला, एक भिंत सरकवायला आणि जिन्याखाली स्टोअर काढायला होकार दिला होता. अंतिम बिलात ठेकेदाराने सतरा एक्स्ट्रा आयटम लावले, तेव्हा मालक म्हणाले, “मॅडमनी सांगितलं म्हणून झालं,” आणि ठेकेदारही म्हणाला, “मॅडमनी सांगितलं म्हणून केलं.” दोघांचे वाक्य एकच होते आणि दोघेही खोटे बोलत नव्हते, माझ्याजवळ मात्र कोणी, कधी, किती रुपयांना होकार दिला याचा एक ओळीचाही कागद नव्हता. माझ्या फीचा शेवटचा हप्ता त्या वादात बुडाला तो बुडालाच.

वास्तविक आमच्या व्यवसायात ही गोष्ट नवी नाही. मंजूर नकाशापासून खर्चावर परिणाम होईल असा फेरफार मालकाच्या पूर्वसंमतीशिवाय करू नये, आणि एकदा संमत झालेले डिझाइन मालकाने बदलायला लावले तर त्या जादा कामाचा मोबदला वेगळा घ्यावा, या दोन्ही बाबी आर्किटेक्टांच्या नोंदणीची संस्था असलेल्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या नियुक्तीच्या अटींत आहेत. मीही त्या करारनाम्यात घालत असे. फक्त साइटवर गेले की त्या माझ्या लक्षात राहत नसत. सरांच्या कामाच्या वेळी मी करारनाम्यात एक कलम वाढवले: बदल कोणीही सुचवावा, परंतु तो लेखी टिपणावर येऊन मालकाची सही झाल्याशिवाय ठेकेदाराने त्याला हात लावायचा नाही. ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येही तेच वाक्य घातले, कारण एकाच करारात असलेली अट दुसऱ्याला बांधत नाही.

त्या संध्याकाळी मी सरांना एवढेच म्हणाले, “उद्याचा स्लॅब थांबवते. बदल करायचा की नाही, ते परवा आकडे बघून तुम्हीच ठरवा.” टोळीला रात्रीच निरोप दिला. काम थांबवण्याचा खर्च उघड दिसतो, त्यामुळे तो निर्णय जड जातो. न थांबवण्याचा खर्च दिसत नाही एवढेच.

बाथरूम एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेणे मालकाला कपाट सरकवण्याइतके सोपे वाटते. आमचे बाथरूम आठ बाय पाच फुटांचे, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटरचे होते. त्यासाठी स्लॅब एक फूट खाली घ्यायचा, म्हणजे संक करायचा, आणि नंतर तो ब्रिकबॅट कोब्याने, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मसाल्याने, भरायचा. या भरावाचे वजन दर चौरस मीटरला साधारण ६०० किलो होते, तर भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीसाठी जो चल भार, म्हणजे माणसे आणि सामानाचे वजन, धरतात तो तेवढ्याच जागेला सुमारे २०० किलोचा असतो. म्हणजे ज्या जागी आम्ही साधी बेडरूम धरली होती तिथे नुसत्या भरावाचेच सव्वादोन टन येऊन बसणार होते, आणि साडेचार इंची विटांच्या भिंतीचे दर मीटरला सातशे-आठशे किलो वेगळेच. हे गणित मला कळत असले तरी त्यावरचा निर्णय माझा नव्हे. आरसीसी कन्सल्टंटनी वायव्येला दोन जादा बीम दिले, जुना संक रद्द केला आणि स्वतःच्या सहीने नवीन ड्रॉइंग दिले. त्यांच्या सहीशिवाय, केवळ फोनवरच्या “चालेल हो मॅडम” या शब्दांवर मी पूर्वी कामे चालू केलेली आहेत, हे आता आठवले तरी अंगावर काटा येतो.

महापालिका, नगरपालिकांच्या बाजूने हा बदल सोपा होता. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चटईक्षेत्र (एफएसआय) किंवा अन्य नियम न मोडणारा अंतर्गत बदल अनधिकृत समजला जात नाही. तो काम पूर्णत्वाच्या नकाशात दाखवता येतो. इमारतीच्या बाहेरच्या रेषेला धक्का लागला की मात्र आधी सुधारित परवानगी घ्यावी लागते. प्रत्येक टिपणावर ‘परवानगी’ असा रकाना मी तेव्हापासून ठेवते.

टिपण एका पानाचे होते. बदल काय, कोणी सुचवला, जादा खर्च सुमारे ४० हजार, त्यात टोळीची एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि सेंटरिंगचे (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचे) वाढीव भाडेही आले, पाच दिवसांचा उशीर, कन्सल्टंटची आणि माझी जादा फी. सरांनी ते दोनदा वाचले, मुलाला फोन लावून आकडे ऐकवले, माझे चार ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त केले आणि सही केली. मला जरा ओशाळल्यासारखे झाले, पण सही मिळाली.

खरा धोका त्यानंतर, जिथे मी सर्व पार पडले असे समजत होते तिथे होता. तिसऱ्या दिवशी साइटवर गेले तर फिटर ईशान्येच्या जुन्या संकच्या कोपऱ्यात पुन्हा सळया बांधत होता. त्याच्या खिशात घडी घातलेले आर-२, म्हणजे बदलाआधीचे ड्रॉइंग होते. नवीन आर-३ ठेकेदाराच्या गाडीत पडलेले. मी आर-२ च्या सर्व प्रती मागून घेतल्या, त्यांवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिले आणि आर-३ मिळाल्याची सही फिटरचीच घेतली, ठेकेदाराची नव्हे. आता नवीन ड्रॉइंग देताना जुने परत घेतल्याशिवाय मी साइट सोडत नाही. स्लॅब सहा दिवस उशिरा पडला, ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त, आणि त्या दिवसाचा खर्च ठेकेदाराने स्वतः सोसला, कारण चूक कोणाकडून झाली याचा कागद होता.

या कामात एकूण अकरा टिपणे झाली. त्यांपैकी चार टिपणे सरांनीच आकडे पाहून मागे घेतली. शेवटचे सरांच्या पत्नीचे, काकूंचे होते: प्लॅस्टर चालू असताना त्यांना गच्चीवर एक खोली हवी होती. कॉलम आणि पाया तपासून घेणे, चटईक्षेत्र वाढत असल्याने सुधारित परवानगी आणि तोवर गच्चीचे काम बंद, असे तीन ओळींत लिहून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. काकू म्हणाल्या, “बघा बाई, तुम्ही तर माझी खोली कागदातच बांधून दाखवली.” सरांनी खिशातले लाल पेन काढले, खाली ‘सध्या नको’ असे लिहून तारीख घातली, आणि माझ्या ‘सुधारीत’ मधली दीर्घ ‘री’ ऱ्हस्व करून कागद मला परत दिला.