तेरा-तेराचा बॉल

व्हॉलीबॉलची फायनल सुरू व्हायलाच रात्रीचे साडेदहा वाजले. यावल तालुक्यातलं केळीचं गाव, जानेवारीचा शेवटचा आठवडा, सातपुड्याकडून येणारं बोचरं वारं. पंचाच्या शर्टाच्या आत मी स्वेटर घातला होता तरी दात वाजत होते. रेफ्री स्टँड गावातल्याच वेल्डरने बनवलेला, ज्वारी राखायच्या माळ्यासारखा. पहिला पंच म्हणून मी त्यावर चढलो. नेटची वरची पट्टी 2.43 मीटरवर आणि माझी नजर तिच्या अर्धा मीटर वर, म्हणजे उंची तरी नियमात बसली.

समोरच्या खांबापाशी दुसऱ्या पंच म्हणून मॅडम होत्या. अमळनेरकडच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहेत. त्यांनी पंच परीक्षा दिली तेव्हा तोंडी घेणाऱ्यांत मीही होतो. त्या मला सर म्हणतात आणि मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. सामन्याआधी दोघांचं ठरलं होतं: ब्लॉकचा टच, म्हणजे नेटवर स्मॅश अडवणाऱ्याच्या हाताला बॉल लागलेला दिसला की मॅडमनी छातीशी खूण करायची, मी खाली बघेन.

यजमान गाव विरुद्ध शिरपूरकडची टीम. पहिले दोन सेट एकेक वाटून घेतले, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या सेटमध्ये यजमानांच्या ब्लॉकरचं कोपर ब्लॉक करताना नेटच्या मधल्या जाळीला घासलं आणि मॅडमनी शिट्टी मारली. नेट टच. कॅप्टन धावतच आला, "वरच्या पट्टीले कुठं लागलं मॅडम? पट्टीले लागलं तरच फाऊल!" त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. 2009 पासून काही वर्षं नियम साधारण तसाच होता. 2015 पासून परत बदलला, आता बॉल खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांमधल्या, म्हणजे नेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या लावलेल्या काठ्यांमधल्या नेटला कुठेही स्पर्श झाला की फाऊल. पण आपल्याकडची पोरं नियम एकदाच शिकतात, तेही मोठ्या भावाकडून. मी मॅडमचा निर्णय कायम ठेवला. पाचेक मिनिटं खेळ थांबला, पब्लिकमधून शिट्ट्या, "मॅडमले चष्मा आणा रे भो" वगैरे झालं. निर्णय बरोबरच होता, पण मी वैतागलो होतो. सेट संपल्यावर त्यांना जवळ बोलावून म्हणालो, "बारीकसारीक टचला जरा सांभाळून घ्या." त्या "हो सर" म्हणाल्या. हे बोलायला नको होतं.

चौथा सेट शिरपूरने घेतला असता तर सगळे वेळेवर झोपले असते. नाही घेतला. पाचवा सेट 15 चा, आणि त्यात 13-13.

शिरपूरच्या डावखुऱ्या पोराने मॅडमच्या खांबाजवळून असा काही स्मॅश मारला की आवाजानेच समोरची मंडळी मागे सरली. बॉल ब्लॉकच्या वरून निघाला आणि एंडलाइनच्या हातभर बाहेर पडला. लाइन्समनने झेंडा वर केला, आउट. त्या पोराला मी दोष देत नाही, बॉल बाहेरच पडला होता. जाताना ब्लॉकरच्या हाताला लागून गेला का, एवढाच प्रश्न होता. लागला असेल तर गुण शिरपूरचा, नसेल तर गावाचा.

मला दिसलं नाही. मॅडमच्या डोक्यामागे बांबूला हॅलोजन बांधला होता आणि ब्लॉकरचा उजवा हात वर गेला तो नेमका त्या उजेडात. बोटं कुठे संपली आणि दिवा कुठे सुरू झाला ते मला कळलं नाही. शिट्टी मात्र मी वाजवून बसलो होतो.

सवयीने खाली पाहिलं. मॅडम ब्लॉकच्या बाजूला, त्या हातापासून जेमतेम दोन मीटरवर. त्यांनी डाव्या हाताची बोटं छातीशी उभी धरली आणि उजव्या तळव्याने वरून पुसली. टच. माझी नजर हलत नाही बघून पुन्हा एकदा पुसली. शिट्टी त्यांना वाजवता येत नव्हती, कारण ब्लॉकचा टच त्यांच्या शिट्टीच्या हद्दीत येत नाही.

अशा वेळी दोन-तीन सेकंद मिळतात. माझ्या डोक्यात त्या सेकंदांत तिसऱ्या सेटमधली पाच मिनिटं आली, चष्म्याची आरोळी आली, आणि झेंडा वर आहे म्हणजे बोलायला आधार आहे, हेही आलं. मी सर्व्हिस यजमानांकडे दाखवली आणि दोन्ही हात कोपरात वाकवून वर केले, तळवे स्वतःकडे. आउट. 14-13.

शिरपूरचा कॅप्टन स्टँडखाली आला. "टच शे सर, टच शे! मॅडमले इचारा!"

विचारता आलं असतं. पुढच्या सर्व्हिसची शिट्टी होईपर्यंत पहिल्या पंचाला स्वतःचा निर्णय फिरवता येतो. मी त्याला म्हणालो, "बॉल आउट आहे, खेळ चालू करा," आणि सर्व्हिसची शिट्टी मारली. जरा घाईनेच मारली.

15-13. फटाके, गुलाल, ढोल. खेळाडू हात मिळवायला रांगेत आले. यजमानांचा तो ब्लॉकर डावा हात पुढे करायला लागला तसं मी म्हणालो, "उजवा कुठे गेला रे?" त्याने दाखवला. करंगळी सुजून अंगठ्याएवढी झाली होती.

"हे कधी झालं?"

"तेरा-तेराच्या बॉलले लागलं ना सर. काय मारला त्यानं!" म्हणाला कौतुकाने, आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं. ओशाळं हसला आणि गुलालात शिरला.

स्कोअरशीटवर शिरपूरच्या कॅप्टनने माझ्याकडे न बघता सही केली. पंचांच्या निर्णयाविरुद्ध लेखी हरकत घ्यायची तर ती त्याच वेळी सांगून ठेवावी लागते, मग सामना संपल्यावर शीटवर लिहिता येते. गावच्या स्पर्धेत हे कोण करतं? शेऱ्याची जागा कोरीच राहिली. मॅडमनी सही केली, सगळ्यात शेवटी मी.

आयोजकांची बोलेरो आम्हाला भुसावळ स्टेशनवर सोडणार होती. तापीच्या पुलापर्यंत कुणी काही बोललं नाही. मग मीच विषय काढला.

"त्याची करंगळी पाहिली का?"

"पाहिली सर."

"मग जरा जोर लावायचा ना. स्टँडपाशी यायचं, सांगायचं मला."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "दुसऱ्या पंचाने शिट्टी न मारता दाखवावं, पण पहिल्या पंचाकडे आग्रह धरू नये. नियम 24." थोडं थांबून म्हणाल्या, "तोंडी परीक्षेत तुम्हीच विचारला होता."

गावाने आम्हा दोघांना शाल, नारळ आणि केळीची एकेक फणी दिली होती. माझ्या पिशवीत दोन निघाल्या.