आमची वाटचाल : फ्रेमच्या दुकानातून जुन्या मुंबईकडे

आमचं मूळ दुकान फोटो फ्रेमचं, गिरगावात, बाबांनी टाकलेलं. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, सर्टिफिकिटं आणि घरातलं कोणी गेलं की हार घालायला मोठा करून हवा असलेला फोटो, ही रोजची कामं. मी कॉलेज सुटलं की काउंटरला बसायचे त्यामुळे काच कापणं, माउंट कापणं, पट्टीचे कोपरे जुळवणं सगळं हाताखालून गेलेलं होतं. पुढे लोकांचे फोटो मोबाइलमध्येच राहायला लागले आणि फ्रेमचं काम आटत गेलं, पण जुने फोटो यायचे काही थांबले नाहीत, उलट वाढले, कारण चाळी रिकाम्या होत होत्या आणि माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरत होत्या. म्हणून स्कॅनर घेतला, मग चांगला प्रिंटर घेतला, आणि त्या दोन मशीनांच्या जिवावर आजचा धंदा उभा आहे.

पोस्टकार्डं त्यातनंच आली. एका गिऱ्हाइकाने आजोबांचा अल्बम आणला, जाड काळी पानं, प्रत्येक पानाला खाचा आणि त्यात अडकवलेली मुंबईची चित्रं छापलेली पोस्टकार्डं. त्यांच्या परवानगीने काही मोठी करून आम्ही दुकानात लावली आणि लोक उभं राहून बघायला लागले, विकत मागायला लागले. मग चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाऊन शोधणं सुरू झालं, बाबा आणि मी दोघंही जायचो. ऑफिसं, दवाखाने, परदेशातल्या मुलांना द्यायच्या भेटी असं गिऱ्हाईक वाढलं. पण प्रत्येक जण एकच विचारायचा, ताई हा फोटो कधीचा? आणि नुसतं 'खूप जुना' असं सांगून प्रिंट विकणं मला पटत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रिंटखाली जागा आणि काळ लिहायचाच असं ठरवलं, आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

काळ ओळखायला सगळ्यात मदत होते ती ट्रामची. आपल्याकडे घोड्याची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ट्राम ७ मे १९०७ ला आली, म्हणजे रस्त्यात घोडे जुंपलेली ट्राम दिसली तर फोटो बहुतेक १९०७ च्या आधीचा आणि डोक्यावर तारा दिसल्या की १९०७ च्या आसपास किंवा नंतरचा. डबलडेकर ट्राम असेल तर १९२० च्या पुढे या, बस दिसली तर १९२६ च्या पुढे. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, तिची आठवण सांगणारे आजोबा अजूनही दुकानात येतात आणि ट्रामचा प्रिंट घेतल्याशिवाय जात नाहीत.

अपोलो बंदरचं तर विचारूच नका, माझी सगळ्यात आवडती कार्डं तिथली. ताज हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची, आणि बांधून पूर्ण व्हायला १९२४ उजाडलं. म्हणजे मधली कित्येक वर्षं ताज आहे पण गेटवे नाही. अशी कार्डं लोकांच्या हातात दिली की ते आधी गोंधळतात, कुठली जागा ही, कारण समोर मोकळं बंदर दिसतं, होड्या दिसतात आणि ज्या कमानीवरनं आपण मुंबई ओळखतो ती कमानच नसते. १९११ ला पंचम जॉर्ज आला तेव्हा त्या जागी तात्पुरता मांडव उभारला होता, दगडाची कमान त्याने बघितलीच नाही.

पुतळ्यांचं पण तसंच. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा पुतळा, १८७९ ते १९६५ त्याच चौकात होता, आता राणीच्या बागेत आहे. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ चा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसे दिलेला, तो आता भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात. नाव चिकटलेलं राहिलं आणि घोडा गेला, त्यामुळे तरुण मुलं जुन्या कार्डात खरा घोडा आणि वरचा स्वार बघून फार वेळ थांबतात.

आता कार्डाची पाठ. हे मी सगळ्यांना सांगते, पाठ बघितल्याशिवाय कार्डाची किंमत करू नका. अगदी सुरुवातीच्या कार्डांना पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, मजकूर पुढे चित्राच्या कडेला कोंबायला लागायचा. १९०२ मध्ये ब्रिटनने पाठ दोन भागांत वाटायला परवानगी दिली आणि हळूहळू सगळीकडे तीच पद्धत आली. तिकिटावर व्हिक्टोरिया, एडवर्ड की जॉर्ज यावरनं काळ कळतो, शिक्का वाचता आला तर तारीखच मिळते, काही कार्डांवर बॉम्बे-एडन सी पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो कारण पहिल्या महायुद्धापर्यंत विलायतेची टपाल आगबोटीवरच, भर समुद्रात गावांप्रमाणे वेगळी केली जायची. पण एक लक्षात ठेवायचं की शिक्क्याची तारीख म्हणजे फोटोची तारीख नव्हे. एकच फोटो प्रकाशक वर्षानुवर्षं छापत राहायचे, म्हणून शिक्का सांगतो याच्यानंतरचा नाही, आणि चित्रातली ट्राम सांगते याच्या आधीचा नाही, खरं उत्तर त्या दोघांच्या मध्ये.

रंगांबद्दल पण सांगायलाच हवं कारण गिऱ्हाइकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. त्या काळची बरीच रंगीत कार्डं मूळ ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवरनं केलेली, त्यातली कितीतरी जर्मनीत छापलेली, कार्डावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. रंग देणाऱ्याने मुंबई बघितलेलीच नसायची. त्यामुळे एकाच जागेच्या दोन कार्डांत एका माणसाची पगडी लाल तर दुसऱ्यात पिवळी. म्हणून आम्ही रंगीत कार्ड रंगीतच छापतो पण खाली 'रंग नंतर दिलेले' असं लिहितो, आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो कॉम्प्युटरवर रंगवून द्या म्हणणाऱ्यांना स्पष्ट नाही म्हणतो. काही ऑर्डरी त्यामुळे जातात, जाऊ देत.

चित्रकारांची कार्डं वेगळी, तिथे रंग त्यांच्या कुंचल्यातले. धुरंधरांची कार्डं हातात आली की माझा दिवस चांगला जातो. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर, कोल्हापूरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं, त्यांनी या शहरातली माणसं काढली, नऊवारीतल्या बायका, पारशी, शिपाई, रस्त्यावरची गर्दी, आणि त्या बायकांच्या उभं राहण्यात, पदर सावरण्यात जी ओळख आहे ती बाहेरून आलेल्या फोटोग्राफरच्या कार्डात नाही.

हे सगळं करता करता माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती म्हणजे पोस्टकार्डात अर्धीच मुंबई आहे. व्हीटी, राजाबाई टॉवर, फ्लोरा फाउंटन, मलबार हिल, पुन्हा व्हीटी. जहाजातून उतरणाऱ्या साहेबाला जे घरी पाठवावंसं वाटलं ते छापलं गेलं. १८९६ ला मांडवीत प्लेग सुरू झाला, लोक शहर सोडून पळाले, आणि त्याच काळात सुंदर इमारतींची कार्डं खपायला लागली होती. परळ-लालबागच्या गिरण्या, जिथे दिवसरात्र पाळ्या चालायच्या, त्या कार्डांत क्वचित आणि चाळीची खोली तर जवळजवळ नाहीच. ती उरलेली मुंबई लोकांच्या ट्रंकेत आहे. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे कोट घालून बसलेला गिरणी कामगार, कारण तो फोटो गावी पाठवायचा होता. खात्यातल्या लोकांचा ग्रुप फोटो, पहिल्या रांगेत जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. भजनी मंडळ, व्यायामशाळा, गणपतीची आरास, १९८२ च्या संपातला मोर्चा. हे फोटो आमच्याकडे येत होते आणि आम्ही डाग काढून, मोठे करून परत देत होतो, एवढंच.

तेव्हापासून कामाची दिशा बदलली. पोस्टकार्डांच्या प्रिंटवर दुकान चालतं, तो पैसा आहे म्हणून घरातल्या जुन्या फोटोंच्या स्कॅनिंगचा दर आम्ही मुद्दाम कमी ठेवलाय. स्कॅनिंग धाकटा भाऊ बघतो, मी गिऱ्हाइकाजवळ बसून माहिती लिहून घेते, कोण, कुठे, कुठली चाळ, कुठली गिरणी. सध्या सगळ्यात जास्त लोक बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळींतून येतायत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी, १९२० च्या दशकात बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि त्यात दोन-दोन पिढ्या वाढलेल्या, आता वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाला टॉवर होतायत. नवीन घर मोठं आहे, लिफ्ट आहे, लोक खूश आहेत आणि असायलाच हवेत, पण शिफ्टिंगच्या गडबडीत आधी फेकली जाते ती जुनी ट्रंक. आम्ही चाळ कमिट्यांना भेटून सांगतो की फोटो टाकू नका, आधी दाखवा.

कायद्याची बाजूही स्वच्छ ठेवलीय. प्रसिद्ध झालेल्या फोटोचा कॉपीराइट आपल्याकडे २०१२ पर्यंत साठ वर्षांचा होता, आता तो फोटोग्राफर गेल्यानंतर साठ वर्षं राहतो, शंभर वर्षांपूर्वीच्या कार्डांचा मात्र केव्हाच संपलाय, त्यामुळे ती छापायला अडचण नाही, पण घरातले फोटो वेगळे, ते लेखी परवानगीशिवाय आम्ही कुठेही लावत नाही आणि विकत तर अजिबात नाही.

ज्यांना आणायचेत त्यांच्यासाठी एवढं सांगते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट आणा, आम्ही काचेवरनंच स्कॅन करतो. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, डिंक वर्षांनी पिवळा पडतो आणि निघत नाही. चिकट पानांच्या प्लॅस्टिकवाल्या अल्बममध्ये असतील तर अल्बमच आणा. बुरशी आली असेल तर पुसायला जाऊ नका, कोरड्या कागदात गुंडाळा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना बरोबर आणा, दुकानात पंखा आहे, खुर्ची आहे, चहा आम्ही देतो, फक्त दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.